फलाटाच्या टोकाला वर झालेला हात

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारचं जेवण उरकून, रोस्विता केम्पकेस कोलोन स्टेशनवर गेली ती नवऱ्याची घडीची खुर्ची आणायला. बाहेर राखाडी, मरगळलेला उजेड होता आणि आत माणसांचा पूर लोटला होता. बॅगा, कुत्री, सहलीला निघालेली पोरं आणि वरून घोषणांचा भडिमार. त्या गर्दीतून धक्के खात ती फलाटाच्या पार टोकाला निघाली. तिथे छप्पर संपतं आणि ऱ्हाइनवरचा पूल सुरू होतो. प्रवासी तिथे फिरकत नाहीत. तिथे ते असतात.

ते म्हणजे रेल्वेवेडे. गावातले लोक त्यांना इंजिनाच्या बफरचे मुके घेणारे म्हणतात, आणि रोस्विताच्या मते हे नाव फारच सौम्य होतं. तिचा आलॉइस त्यांच्यातलाच. लग्न झाल्यापासून एकूणएक शनिवार त्याने इथे घालवले आणि गेल्या महिन्यात मेला तोही इथेच. मरायलासुद्धा घरी आला नाही, असं ती स्मशानात सगळ्यांदेखत बोलली होती. तिला अजून रडू आलं नव्हतं. संताप मात्र रोज उठल्याबरोबर यायचा आणि रात्री दिवा मालवेपर्यंत जायचा नाही.

टोकाला दोघंच होते. गोल चेहऱ्याचा युप्प हा आलॉइसचा जुना दोस्त. मर्तिकानंतर वाटाण्याचं सूप घेऊन घरी आलेला हा एकटाच, म्हणून त्याच्यावर तिचा राग थोडा कमी होता. दुसरा एंगेलबर्ट, उंच, बांबूसारखा, पोटावर टेपरेकॉर्डर लटकावलेला. हा फोटो काढत नसे, गाड्यांचे आवाज टेप करत असे. आलॉइस पडला तेव्हा हे दोघे त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

खुर्ची नेहमीच्या जागी, पुलाकडे तोंड करून उघडून ठेवलेली होती.

"कोणी बसत नाही गं तिच्यावर," युप्प म्हणाला. "त्याची जागा आहे ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्ता आठवली होय त्याची जागा? मेल्यांनो, माणूस शेजारी कोसळतो आणि तुम्हाला पत्ता नाही! गाडी निघून गेल्यावर मागे वळून बघता?"

"हात वर होता, फ्राउ केम्पकेस," एंगेलबर्ट हळूच म्हणाला.

हा त्यांचा नियम. टेप सुरू झाली की एकाने हात वर करायचा. तो खाली येईपर्यंत कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पावाचा कागदसुद्धा वाजवायचा नाही. आलॉइस घरीही तेच करायचा. दूरवरून मालगाडी धडधडली की स्वयंपाकघरात त्याचा हात वर, आणि रोस्विता हातातला डाव तसाच धरून उभी. आयुष्यभर ती अशी गप्प उभी राहिली होती.

"एकच सांग मला," ती म्हणाली. आजवर ती एंगेलबर्टला अहो-जाहो करत आली होती. "त्याने हाक मारली होती का? आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत का?"

एंगेलबर्टने गळ्यातले हेडफोन काढले आणि तिच्या कानांवर ठेवले. "तुम्हीच ऐका. त्याच दिवसाची टेप आहे."

आधी नुसता वारा. मग पुलाचं लोखंड गुणगुणायला लागलं आणि चाकांचा गडगडाट चढत चढत आला. त्यात, अगदी जवळ, एक खोकला सुरू झाला. अर्ध्यातच थांबला, कोणी तोंडावर हात दाबावा तसा. त्यानंतर ब्रेकचं लांबलचक किंचाळणं आणि खाली काहीतरी जड टेकल्याचा मऊ आवाज.

तिने हेडफोन ओरबाडून काढले. "गिळला त्याने खोकला! मरताना गिळला, तुझ्या टेपसाठी! लाज नाही वाटली हात वर धरून ठेवायला?"

"मी नव्हता केला वर..." एंगेलबर्टचा चेहरा उतरला. "एका हातात माइक होता. दुसऱ्याने मी कान दाबला होता. मला वाटलं, युप्पने केलाय."

"मी?" युप्प म्हणाला. "माझ्या एका हातात कॉफी, दुसऱ्यात पाव. मला वाटलं, आलॉइस..."

"आलॉइसचे दोन्ही हात छातीवर होते," रोस्विता म्हणाली. "सोडवायला दोन माणसं लागली."

घोषणा कधी थांबल्या ते कळलंच नव्हतं. फलाटावर तापलेल्या लोखंडाचा आणि ओल्या लोकरीचा वास पसरला होता, आणि पाऊस तर पडलेला नव्हता.

"युप्प," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मग कोणाचा होता...?"

पुलाचं लोखंड गुणगुणायला लागलं.

एंगेलबर्टने हेडफोन चढवले, बटण दाबलं, डोळे मिटले. अशा वेळीसुद्धा! रोस्विता त्याच्या अंगावर ओरडणार, एवढ्यात तिघांच्या मधोमध, डोक्यांच्या जरा वर, एक हात वर झाला.

करड्या लोकरीचा हातमोजा, सरळ उभा पंजा. एंगेलबर्टच्या एका हातात माइक होता, दुसरा कानावर. युप्पचे हात कोटाच्या खिशात. तिचे स्वतःचे खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेले. बाहीच्या खाली काय आहे हे बघायला तिची मान वळेना.

गाडी पुलावरून आत आली. युप्पने खिशातून एक हात काढला आणि छातीवर ठेवला. मग दुसरा. त्याचा गोल चेहरा पांढराफटक पडला. त्याने तोंड उघडलं आणि ओठ दाताखाली घट्ट धरून पुन्हा मिटलं. खोकला गिळला त्याने. तो रोस्विताकडे बघत होता, वाट बघत होता, की ही तरी हाक मारेल.

हाक तिच्या गळ्यापर्यंत आली. महिनाभर साठवलेला सगळा संताप त्या हाकेच्या पाठीशी होता. ती तिथेच अडली, स्वयंपाकघरात अडायची तशीच.

युप्प गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर कलंडला. ब्रेक किंचाळले. गाडी थांबली, दारं उघडली, दूरवर माणसं हसत-बोलत उतरायला लागली. एंगेलबर्टचे डोळे मिटलेलेच होते. टेप फिरत होती.

हात अजून वरच होता. आणि रोस्विता, खुर्ची धरून, तो खाली यायची वाट बघत गप्प उभी होती.