समोर बघणारा बकरा

पाऊस असा काही कोसळला, की बर्नात वाट सोडून थेट गुहेत शिरला — आणि कोलोमाच्या कवटीवर त्याचा पाय पडता पडता राहिला. तिची स्वतःची कवटी नव्हे हो, ती खणत होती ती.

"अहो, पाय सांभाळा. हजारो वर्षं शाबूत राहिलीये ती."

"कुणाची?" तो उकिडवा बसला.

"मायोत्रागस. आपल्या मायोर्काचा बुटका बकरा. माणसं बेटावर आली आणि हा संपला."

"बकरा? मग डोळे असे पुढे कसे... आपल्यासारखे?"

कोलोमाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. येणारा-जाणारा शिंगांचं विचारी. डोळ्यांचं कुणीच विचारलं नव्हतं.

"शेळीला चारी बाजूंनी सावध राहावं लागतं. याला इथे शत्रूच नव्हता. कशाला बघेल इकडेतिकडे?"

"म्हणजे समोर जे आहे, तेच बघायचं," तो म्हणाला. बघत होता तिच्याकडेच.

"पाऊस थांबलाय," ती म्हणाली. थांबला नव्हता.

बर्नात कुंभार होता. नंतर तो येतच राहिला, दर वेळी नवी शंका घेऊन. दात कसे होते, पळायचा का, कान केवढे... एखाद्या दिवशी आला नाही, की हाडं झाडताना कोलोमाचं ब्रशवरचं लक्ष उडे. स्वतःवरच चिडायची मग.

आणि एका दुपारी तो सिउरेल घेऊन आला. पांढरी मातीची शिट्टी, वर लाल-हिरवे फटकारे — आणि आकार त्या बुटक्या बकऱ्याचा, डोळे समोर. मुलाने दिलेली ही शिट्टी मुलीने फुंकली तर होकार, खाली टाकली तर नकार. नकारानंतर मुलाने पुन्हा विचारायचं नाही. बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कोलोमा नुकतीच खड्ड्यातून वर आली होती. अधीरपणे हात पुढे केला... आणि ओल्या चिखलाच्या बोटांतून शिट्टी निसटली. दगडावर ठिकऱ्या.

"कळलं," बर्नात हसून म्हणाला. कसलं हसणं ते. तिने ठिकऱ्यांवरून नजर उचलेपर्यंत तो उतार उतरूनही गेला.

ती गुडघ्यांवर बसून रडली. मग तिने ठिकऱ्या वेचल्या. मोडकं जोडणं हाच तर तिचा धंदा.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या भट्टीपाशी उभी राहिली. त्याने चाकावरून मान वर केली नाही.

"तुकडे परत द्यायला आलात?"

तिने शिट्टी ओठांना लावली. फुस्स. पुन्हा फुंकली — नुसती हवा. जीव एकवटून फुंकली, तेव्हा कुठे एक घोगरा, चिरका सूर निघाला.

चाक थांबलं.

"बेसूर आहे," तो कसाबसा म्हणाला.

"एक कपची सापडलीच नाही. आणि काल हात चिखलाने बरबटले होते रे माझे, बावळटा. टाकली नाही मी... निसटली."

बर्नात खिडकीकडे वळला, मातीच्या मनगटाने डोळे पुसायला लागला.

"तिकडे काय बघतोस?" कोलोमा म्हणाली. "समोर बघ."