ब्रुनी बेटावरचा फोटो

नेव्हिलने सर्व्हर मांडला तो धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनला खेटून. होबार्टच्या त्या घरात तीच खोली बारा महिने गार असे. एक काळी पेटी, आत दोन डिस्क. जे एकीवर, तेच दुसरीवर. दर रविवारी सकाळी पेटी पोटातली एकूण एक फाईल वाचून काढी आणि एका डिस्कवर काही नासलं असेल तर दुसरीवरून नीट करी. तोवर नेव्हिल टोस्टवर व्हेजिमाइट फासून तिच्याशेजारी स्टुलावर बसे. बायको, मर्ल, गेल्यापासून घर मुकं झालं होतं. पेटी निदान घुंघुं तरी करी.

सगळा खटाटोप फोटोंसाठी होता. ते सारे मर्लने काढलेले, आणि बहुतेकांच्या डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा. नेव्हिल त्यावरून तिला जन्मभर चिडवत आला. ती स्वतः मात्र एकाच फोटोत होती, ब्रुनी बेटाच्या किनाऱ्यावर, निळ्या खुर्चीत. तो त्याने हट्टाने काढला होता. "माझा कसला काढतोस? दे इकडे, तुझाच काढते," ती तेव्हाही म्हणाली होती.

नेमका तोच नासला. जुन्या लॅपटॉपवरून पेटीत घेताना त्याने तो उघडून पाहिला नाही, लॅपटॉप भंगारात दिला, आणि मग कळलं की वर पट्टीभर आकाश तेवढं उरलंय. खाली सगळं राखाडी. पेटीने तो नासका फोटोच दोन्ही डिस्कवर इमानाने जपला होता.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाबा?" मुलगी टॅमसिन फोनवर म्हणाली. "सोड नाद."

त्याने सोडला नाही. मर्लचा चेहरा त्याला हल्ली नीट आठवेनासा झाला होता, आणि त्या गोष्टीची त्याला फार भीती वाटे.

एका रविवारी पडद्यावर आलं: एक फाईल दुरुस्त. त्याने फोटो उघडला. आकाशाखाली समुद्र आला होता.

"शक्यच नाही. चष्मा लाव," टॅमसिन म्हणाली.

"लावलाय."

पुढच्या रविवारी खुर्चीची कड आली, आणि कडेच्या वर मर्लच्या गवती टोपीचा शेंडा. नेव्हिलला रडू आलं. आता त्याखाली चेहराच यायचा होता. तो आठवडा त्याने कसाबसा ढकलला. शनिवारी दाढीसुद्धा केली.

रविवारी पेटी नेहमीपेक्षा लवकर थांबली.

दोन फाइली दुरुस्त.

पहिला ब्रुनीचा. राखाडी कुठेच नव्हतं. टोपी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. खुर्ची रिकामी.

वाळूत अनवाणी पावलं उमटली होती. खुर्चीपासून निघून ती थेट कॅमेऱ्याकडे आली होती.

दुसरा फोटो त्याने कधी पाहिलेला नव्हता.

धुण्याची खोली. स्टुलावर पाठमोरा म्हातारा, अंगात हिरवा स्वेटर, आजच घातलेला. कोपराशी टोस्ट, अजून न खाल्लेला.

डाव्या कोपऱ्यात अंगठा.

नेव्हिलने मान वळवली नाही. टोस्ट गार होत राहिला.

"मर्ल," तो हलकेच म्हणाला, "अंगठा काढ गं."

पडद्यावरच्या फोटोतला अंगठा हळूच बाजूला झाला.