सतरावे पत्र

दिनांक १० नोव्हेंबर २०१८, शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे, पत्रे तेवीस. जपानच्या शिनशू भागातल्या आपल्या गावच्या दफ्तरखान्यात चिहारूने ती टेबलावर मांडली, तेव्हा तिची ओली छत्री समोरच्या तरुणाच्या पायांवर नेमाने ठिबकत होती.

"पत्रं अगदी कोरडी आणलीत," तो म्हणाला. "माझे मोजे मात्र…"

"मोजे वाळतील. ही पत्रं वाचता येतात का, ते सांगा."

त्या तरुणाला, मोमोसे रेंजीला, ती वाचता येत होती. जुन्या वळणाची, अक्षरे एकमेकांत गुंतलेली ती धावती लिपी चिहारूच्या पिढीतल्या कोणालाच उलगडत नसे. त्याने ती शिकून घेतली होती. पत्रे चिहारूच्या पणजोबांची, हेइसाकुंची होती. १९४३च्या शरदात ते सैनिक म्हणून दक्षिणेच्या एका बेटावर गेले आणि परतले नाहीत. वाटेत कोणते पत्र हरवले हे घरी कळावे, म्हणून त्यांनी प्रत्येकावर क्रमांक घातला होता. एक ते चोवीस. सतरावे नव्हते.

चिहारूची आजी हात्सुए वडील लढाईवर गेल्यानंतर, पुढल्या फेब्रुवारीत जन्मली. ती चार वर्षांची असताना आईही वारली. तेव्हापासून तिला एकच प्रश्न छळत होता: मी जन्मले, हे बाबांना कळले होते का?

"क्रमानेच वाचू," रेंजी म्हणाला. "आणि एका शनिवारी एकच पत्र. इथला नियम आहे."

चिहारू दर शनिवारी येऊ लागली. सोबत आजीने वाळवलेली पर्सिमॉनची फळे आणी. तो शिसपेन्सिलीने ओळ दाखवत वाचे. तिचे लक्ष ओळीवर असे… बहुधा. कधी त्याची बाही तिच्या बाहीला लागे आणि दोघेही त्याच शब्दाशी जरा जास्तच थांबत. वर्षअखेरीचा एक शनिवार सुट्टीत गेला, तो मात्र तिला फार लांब वाटला. सोळाव्या पत्रातही हेइसाकु पत्नीला विचारतच होते: बाळंतपण झाले का?

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी छपरांवरचे बर्फ वितळून गळत होते. शेजारच्या टेबलावरचे आजोबा उठले आणि समाधानाने म्हणाले, "मोमोसे-सान, सकाळपासून नऊ पत्रं वाचून दिलीत. उपकार झाले."

चिहारूने रेंजीच्या हातातली पेन्सिल काढून खाली ठेवली. "नऊ?"

रेंजीचे कान लाल झाले. "नियम… माझा होता."

"का?"

"तेवीस पत्रं दोन दिवसांत संपली असती. मग तुम्ही कशाला आला असता?"

"माझी आजी पंचाहत्तर वर्षांची आहे, मोमोसे-सान. तिच्या शनिवारांवर तुमचा काय हक्क?"

"काहीच नाही. चुकलो." त्याने मान लववली, सबब सांगितली नाही. लगेच अठरावे पत्र ओढून घेतले, वाचता वाचता थबकला आणि मग सावकाश म्हणाला, "ऐका. 'सतराव्या पत्रातला माझा हात तू माझ्या जेवणपेटीत ठेवलास, हे वाचून हसू आले. आता मी रोज तुमच्यात जेवतो.'"

चिहारू उभी राहिली. "चला. कोट घ्या."

ती पेटी घरात देव्हाऱ्याखालीच होती. जुन्या रीतीप्रमाणे घरात प्रत्येकाची अशी वेगळी पेटी असे. झाकण उलटे केले की ताट. आत आपली वाटी, आपल्या काड्या. नवरा रणावर असताना पणजी त्याच्या पेटीपुढे रोज त्याचे पान मांडी. पण एकाची पेटी दुसऱ्याने उघडायची नाही, ही घरची रीत; पणजीने ती त्या पत्रासाठी एकदाच मोडली असावी. पंचाहत्तर वर्षे तिच्यावरची धूळ पुसली गेली. झाकण कोणी उचलले नव्हते.

"ती बाबांची आहे," हात्सुए म्हणाली. "ते येतील तेव्हा उघडतील."

"आजी, त्यांनीच सांगितलंय ते आत आहेत म्हणून."

हात्सुएने पेटी पुढ्यात ओढून घेतली. "बाबा, आगाऊपणा करते हं," असे पुटपुटून तिने झाकण उचलले.

पालथ्या वाटीखाली घडी घातलेला कागद होता. त्यावर पेन्सिलीने गिरवलेला एक पंजा आणि बाजूला चार ओळी. रेंजीने गुडघ्यांवर बसून त्या वाचल्या.

"'मुलगी झाल्याचे आज कळले. तुकडीतल्या सर्वांना सांगितले. दोघांना तर दोनदा. हा माझा हात. हात्सुएचा हात यात मावेनासा होण्याच्या आत मी परत येईन.'"

हात्सुएने आपला सुरकुतलेला हात त्या पंज्यावर ठेवला. बोटांच्या टोकांपुढे अजून थोडी जागा उरली होती.

"मावतो अजून," ती हसली, आणि मग डोळे पुसले. "पोरा, उरलेली कधी वाचणार?"

"आत्ताच, आजी. सगळी."

चहा आणायला चिहारू उठली, तसा तोही मागोमाग ओसरीवर आला. "म्हणजे पुढच्या शनिवारी… वाचायला काहीच नसेल."

"नसेल."

"मग?"

"मग दहा वाजून वीस मिनिटांनी स्टेशनवर या. मोजे कोरडे घालून. आणि आणखी सोळा शनिवार वाया घालवू नका. आवडते, असं सरळ म्हणायचं."

"आवडतेस," तो सरळ म्हणाला.

"मलाही. आता आत चला, आजी वाट बघतेय."

सायंकाळी पाच वाजता आजीसमोर शेवटचे पत्र वाचून झाले. पत्रे चोवीस, गहाळ शून्य.