चारशे पंचेचाळीस नंबरचं दार

दारात उभा असलेला माणूस चुकून आमच्या घरी आला होता.

"टीव्हीचं नेट तुमच्याकडेच बंद आहे ना?" खांद्यावर बॅग, हातात तारेचं वेटोळं, केसांवर कुणाच्या तरी माळ्यावरची धूळ.

मी मानेनंच नाही म्हटलं आणि शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. तो वळणार, एवढ्यात मागून आत्या आली.

"नेटवाला का तू? मग आधी आत ये. आमचंही अडलंय."

"अहो काकू, पण शेजारी..."

"काकू कसली? माझं लग्न तरी झालंय का? आत्या म्हण."

"आत्या? कोणाची?"

"सध्या हिची. पुढचं पुढे बघू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"या बोलत नाहीत?"

"बोलते की! बारा वाजले की. सकाळभर मौन असतं तिचं, रोजचा नेम आहे."

मला वाटलं, हसेल. लोक हसतात. पण त्यानं आवाज एकदम खाली आणला, घरात तान्हं बाळ झोपलं असावं तसा. "बरं... मग तुम्ही नुसतं दाखवा. काय अडलंय?"

मी पाटी घेतली आणि थोडक्यात लिहून दाखवलं. डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी मी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करते. वरच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून. मोठ्या कॉम्प्युटरचा पंखा फार घरघरतो, म्हणून तो खाली बैठकीत ठेवलाय. लॅपटॉपवरची गोष्ट खाली पाठवायची, एवढंच. पण चार दिवसांपासून ती जातच नव्हती.

तो कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसला. "हाक मारली की ओ देतोय... पण दार उघडत नाहीये." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कॉम्प्युटरला खूप दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. फायली ज्या दारातून जातात ते चारशे पंचेचाळीस नंबरचं. ते तुमच्या फायरवॉलनं आतून लावून घेतलंय. पहारेकरी आहे तो, त्याचं कामच ते."

मी पाटीवर लिहिलं : मग उघडा.

"सगळ्यांसाठी नको. उद्या कुणीही पाहुणा फोन घेऊन आत शिरेल. फक्त तुमच्या लॅपटॉपच्या पत्त्याला उघडतो."

त्यानं काहीतरी टाइप केलं. फाईल सरकली. पोचली का हे पाहायला त्यानं ती लावली, आणि बैठकीत माझाच आवाज भरला. नदीपलीकडून रोज संध्याकाळी कोण शीळ घालतं, ते शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट.

त्याची बोटं तिथंच थांबली. पाटीवर लिहिणाऱ्या बाईला असा आवाज असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसावं. तो ऐकत राहिला... आणि मला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

मुलगी नावेत पाय ठेवते, तोच शेजारून हाक आली. त्याला उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा बंद.

"असं कसं? काल तर चाललं होतं!" तो आला तो धावतच. पुन्हा उघडलं, पुन्हा फाईल लावली. या वेळी मुलगी नदीच्या मध्यापर्यंत गेली. "शीळ घालणारा भेटतो का तिला?"

मी पाटी मागे लपवली.

"सांगणार नाही? मग उद्याही बंद पडू दे."

"असं अभद्र बोलू नये," आत्या म्हणाली. पण चहात साखर तिनं जास्तच घातली.

आणि खरंच, तिसऱ्या सकाळीही बंद! मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. एकदा हे नीट झालं, की तो कशाला येईल?

त्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरला हातच लावला नाही. "काकू, तुम्ही रात्री काही बंद करता का?"

"ते लुकलुकणारं डबडं करते की. दिवसभर डोळे मिचकावतं बिचारं, त्याला विश्रांती नको?"

तो हसत सुटला. "तेच तर! तो राउटर आहे, घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता तेच डबडं वाटतं. बंद झालं की ते सगळं विसरतं. सकाळी जो आधी जागा होईल त्याला पहिला पत्ता देऊन टाकतं. दार मी यांच्या पत्त्याला उघडलंय, आणि तो पत्ता आज तुमच्या टॅबला मिळालाय!"

"म्हणजे दार माझ्यासाठी उघडं?" आत्या गाल फुगवून म्हणाली. "या वयात?"

मी ओढणीत तोंड लपवलं. आवाज न करता हसणं किती अवघड असतं!

त्याचं हसू मात्र ओसरलं. "काल रात्रीच मला हा संशय आला होता. आज सांगावं की आणखी दोन दिवसांनी... याच विचारात आलो." त्यानं कळा दाबल्या. "झालं. हा पत्ता आता तुमच्या नावावर राखून ठेवलाय. डबडं कितीदाही बंद करा, तो दुसऱ्या कुणाला जाणार नाही."

फाईल सरकन खाली आली. गोष्टीचा शेवटचा भाग. त्यानं तो लावला नाही.

"हा ऐकला, तर मला यायला निमित्तच उरणार नाही." तो तारेचं वेटोळं उगाचच सोडत-गुंडाळत होता. "मी उद्या आलो... काही बिघडलेलं नसताना... तर चालेल?"

मी खडू उचलला. ठेवला. पाटीवर पुसून टाकता येईल असं मला काही लिहायचं नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बाराला अजून बराच अवकाश होता.

तो समजला. बॅग खाली ठेवली, वाजणारा फोन बंद केला आणि खुर्चीत ताठ बसून काट्याकडे बघू लागला, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा. स्वयंपाकघरातली भांडीही वाजेनाशी झाली.

बारा वाजले. मी हात जोडून डोळे मिटले, मग उघडले. गोष्टी वाचताना माझा आवाज कधी अडखळत नाही. आज पहिल्याच शब्दाला अडखळला.

"या," मी म्हणाले. "उद्या या. पण... बारानंतर."

"आणि गोष्टीचा शेवट?"

"तो मी वाचून दाखवीन. समोर बसून."

त्यानं बॅग उचलली, पण तारेचं वेटोळं खुर्चीवरच विसरला. मी सांगितलं नाही. दारात चपला घालताना त्यानं आत डोकावून हाक दिली...

"येतो, आत्या!"

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं.