मिलुतिनचं पथ्य

झ्रेन्यानिनच्या सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ स्लावेंकाबाईंचा दरारा असा, की त्या बाजारात दिसल्या की लोक हातातला पाव पाठीमागे लपवत. पण देसांकाआजींपुढे त्यांनी हात टेकले होते. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं तर वजन उतरायला हवं होतं, आणि आजी उकडलेला भोपळा खाऊन फुगत चालल्या होत्या.

"आजी, खरं सांगा. चोरून काय खाता?"

"मी कशाला खाऊ? मिलुतिन खातो. अंगाला मला लागतं."

मिलुतिन म्हणजे आजींचा नवरा. तो गेल्या हिवाळ्यातच वारला होता.

बाईंनी आजवर पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या. कुणाची हाडंच जड, कुणाला पाणीही बाधतं. पण मेलेल्या नवऱ्यावर ढकलणारी ही पहिलीच. शहानिशा करायला त्या एका दुपारी आजींच्या घरी गेल्या.

आजींपुढे भोपळा होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सारमा, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, वर डुकराच्या चरबीचा जाड तुकडा, आणि शेजारी पाव. आजी भोपळा चिवडत नातीच्या लग्नाचं बोलत होत्या. बाईंची नजर त्या ताटावरून हलली नाही. तरी ताट रिकामं होत गेलं. पापणी लवली की एक घास कमी. शेवटी रश्श्यातून पावानं पुसल्यासारखी स्वच्छ रेघ उमटली.

तेवढ्यात आजींच्या पोलक्याचं बटण तटकन उडालं.

"बघितलंत?" आजी म्हणाल्या. "नवं पोलकं होतं हो."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. पण पेशंट तो पेशंट. त्यांनी खुर्चीवर बोट रोखलं.

"मिलुतिनआजोबा, उद्यापासून चरबी बंद. पाव अर्धा. रात्री नुसतं सूप. नाहीतर आजींना चालता येणार नाही. समजलं?"

मग उरलेला पाव हळूच टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकला.

"रुसला," आजी कुजबुजल्या. "पण तुमचं ऐकेल. माझं कधी ऐकलं नाही मेल्यानं."

त्यानं ऐकलं. आजींचं वजन उतरलं, ऑपरेशन झालं, आणि आजी स्वतःच्या पायांनी नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेल्या. तिथं जमलेल्या बायकांना त्यांनी सगळं सांगितलं. सांगू नये ते.

पुढच्या आठवड्यात स्लावेंकाबाईंनी दवाखान्याचं दार उघडलं, तर बाहेरच्या लांब बाकावर काळ्या कपड्यातल्या तीन विधवा बसल्या होत्या. प्रत्येकीच्या शेजारी माणूसभर जागा मोकळी.

पलीकडे साखर वाढलेला पोस्टमन टोपी हातात धरून उभा होता. तो या गावात नवाच होता.

"उभे का? बसा की," बाई म्हणाल्या.

"कुठं बसू, बाई? बाक भरलंय."

तो वाकला, मोकळ्या जागेकडे बघून अदबीनं हसला.

"जरा सरकता का, आजोबा?"

मग आभार मानून तो अगदी कडेला, अंग चोरून, अर्धाच टेकला.