आखाजीचा पितर

भर दुपारी झोक्यावर बसू नये, आणि रिकामा झोका तर कधीच हलवू नये, असं वच्छलाची फुई, म्हणजे आत्या, बेबाबाई दरवर्षी माहेरी आली की सांगायची. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी फुईचं ऐकतं कोण? गावातल्या पोरी सकाळपासून झोके खेळून, गाणी म्हणून, घसे बसवून आपापल्या घरी गेल्या होत्या. वच्छला तेवढी परसातल्या निंबाच्या झाडाखाली एकटीच झुलत राहिली होती.

घरात खापरावर पुरणपोळ्या पडत होत्या, त्यांचा खरपूस वास परसापर्यंत येत होता. मोगऱ्यानं उन्हापुढे मान टाकली होती. वारा म्हणून नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं, सकाळपासून एक कावळा ओरडला नव्हता, आणि त्या मुक्या दुपारी एकट्या झोक्याची करकर चालू होती...

मागे कुणीतरी दोनदा खाकरलं.

"उतर चिमने. दोर कुरतडायेल शे."

वच्छलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. चिमने म्हणून तिला जगात एकच माणूस हाक मारायचा, तिचे आजोबा, शालिग्राम नाना. आणि नानांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आज घरात त्यांच्याच नावाची, वर्षश्राद्धानंतरची पहिली घागर भरून ठेवली होती.

तिनं पाय टेकून उडी टाकली आणि वळून पाहिलं. झोक्याचा दोर मुठीत धरून एक तरणाताठा पोरगा उभा होता. घामानं भिजलेला सदरा, कपाळावर आलेले केस, आणि धापा टाकत वर लागलेली नजर. दोर फांदीला जिथं घासत होता, तिथं त्याचा जेमतेम एक पेड शिल्लक होता.

"पडली असतीस," तो म्हणाला.

"तुम्ही... कोण?"

"मी ना? मी — वाटसरू. प्यायला पाणी मिळेल का?"

"वाटसरू वाट सोडून लोकांच्या परसात शिरतात वाटतं?"

"वाटच इकडं वळली. त्याला मी तरी काय करू?"

तिला हसू आलं, पण अंगावरचा काटा काही गेला नव्हता. हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, तोच तिचे वडील तोताराम आबा लगबगीनं परसात आले. बिचारे हवालदिल झाले होते. आखाजीला एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात, गेलेल्या माणसाच्या जागी त्याचे पाय धुतात आणि तो जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. नानांच्या पाटावर गावातले वना भाऊ बसायचे ठरलं होतं, पण त्यांना ऊन लागलं होतं आणि दिवस कलायला आला होता. आबांना समोर धडधाकट माणूस दिसला, आणि देव पावला.

"जेवना का रे पोऱ्या?"

"नाही, पण मी..."

"मंग चाल. आज तू आमना नाना."

पितराच्या पाटाचं बोलावणं कुणी नाकारत नाही. पोरगा गोरामोरा झाला. त्यानं एकदा कुंपणापलीकडच्या आपल्या सायकलीकडे पाहिलं, एकदा वच्छलाकडे पाहिलं, आणि गुमान आबांच्या मागे गेला.

आबांनी त्याचे पाय धुतले. मायनं कपाळाला गंध लावलं. वच्छला पाया पडायला वाकली तेव्हा त्यानं पायाची बोटं आत ओढून घेतली.

"पाया पडते, नाना."

"नाना नको ना म्हणूस," तो पुटपुटला.

"मग काय म्हणू?"

त्याचे कान लाल झाले, आणि ते वच्छलाला फार आवडले. पुढच्याच क्षणी ती गार पडली. पोरानं वाढलेलं ताट दोन्ही हातांनी धरलं, अर्धवट फिरवलं आणि मग जेवायला सुरुवात केली.

रस वाढणाऱ्या फुईचा हात तिथंच थांबला. नाना जन्मभर, त्याच जागी बसून, असंच ताट फिरवून मग जेवायचे. त्या दिवशी देवळीजवळची घागर नको इतकी पाझरत होती, आणि सकाळपासून न फिरकलेला कावळा आता भिंतीवर बसून टक लावून पाहत होता.

जेवण झालं. रीतीप्रमाणे आबांनी हात जोडून विचारलं, "नाना, काही ऱ्हायनं का?"

पोरगा गोंधळला. समोर वच्छला उभी होती. त्यानं नजर दारातून परसातल्या आंब्याकडे नेली आणि म्हणाला, "त्या आंब्याच्या बुंध्याशी..."

नानांचे शेवटचे शब्द हेच होते. एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले होते, आणि तिथं काय पुरलंय म्हणून आबांनी अर्धं परस खणून काढलं होतं. हाती काही लागलं नव्हतं.

"...वाळवी लागली आहे. माती उकरून औषध घाला. नाहीतर झाड जाईल."

आबा लहान पोरासारखे रडले. पोरगा घाबराघुबरा होऊन उठला, चपला घातल्या, आणि दारातून वच्छलाकडे पाहून हळूच म्हणाला, "उद्या परत येतो."

पितर जेवून गेले की वर्षभर फिरकत नाहीत. उद्या येतो म्हणणारा पितर कुणी पाहिला आहे? वच्छलाचा सगळा दिवस भीतीत गेला, आणि खरं सांगायचं तर त्याची वाट बघण्यातही गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला. सोबत त्याचे मामा होते, पिंपळनेरचे छगन भाऊ. आखाजीनंतर वच्छलाला बघायला येणार म्हणून ज्या स्थळाचा निरोप होता, ते स्थळ म्हणजे हाच. नाव अभिमन, धुळ्याच्या रोपवाटिकेत नोकरीला. झोक्यावरची पोरगी आधी गुपचूप बघून घ्यावी म्हणून आदल्या दिवशी एकटाच आला होता, आणि सापडला पाटावर.

"तुले एक दिन दम निंघना नही?" छगन भाऊंनी भाच्याला सगळ्यांदेखत झापलं.

आबांनी मात्र हात जोडले. "पाव्हना, राग धरू नका. पोऱ्या सोनासारखा शे. पन काल मी त्याना पाय नाना म्हनीसन धुयात. आज जवाई कसा म्हनू?"

"आजाले नात देतस का कोठे?" फुईनं आतून निकाल देऊन टाकला.

वच्छला तांब्या घेऊन परसात निघून गेली. आंब्याला पाणी घालता घालता तिचे डोळे भरून आले. स्थळ मोडलं याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट वेगळंच होतं. काल ज्या नजरेनं तिचा जीव खालीवर केला, ती नजर नक्की कुणाची होती, हेच तिला ठरवता येईना.

निंबावर काहीतरी खसखसलं. अभिमन फांदीवर बसून नवा दोर बांधत होता. पिंपळनेरहून तिच्यासाठी विकत आणलेला.

"खरं सांगा," ती खालून म्हणाली. "काल पाटावर कोण होतं? तुम्ही की नाना?"

"मीच. पोटात कावळे ओरडत होते, तेसुद्धा माझेच."

"मग ताट का फिरवलं?"

"डुगडुगत होतं. त्या जागी जमीन खोलगट आहे."

नाना रोज त्याच जागी बसायचे. ताट का फिरवता, असं घरात कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"आणि आंबा?"

"झाडांचंच काम करतो मी. नानांचे शेवटचे शब्द आबांनी आत्ता सांगितले, त्यांनाही बहुतेक वाळवीच सांगायची असेल. तू अशी समोर उभी... मला दुसरं काही सुचेना." तो खाली उतरला. "आता मी एक विचारू? ते म्हातारे बाबा कोण होते?"

"कोण म्हातारे?"

"तुला चिमने म्हणाले ते. दोर कुरतडलाय म्हणून सांगितलं ना त्यांनी? मी तर कुंपणाबाहेर होतो. तुला बघत... चोरून, आता खोटं कशाला बोलू. ते ऐकलं म्हणून धावत आलो. तेवढ्या लांबून मला कुठला दोर दिसायला?"

वच्छलानं तांब्या खाली ठेवला. ती हाक ऐकल्याचं तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

फुलं तोडायला परसात येऊन मोगऱ्याच्या आळ्याशी वाकलेली फुई ताठ उभी राहिली. ओच्यातली फुलं मातीत सांडली. "आवाज कसा व्हता रे?"

"घोगरा. आधी दोनदा खाकरले, मग बोलले."

फुईनं झोक्याकडे पाहिलं. मग ती अशी ओरडली की आबा धोतर सावरत धावत आले.

"तोताराम, नाना पाटवर उनाच नहीत! आठे व्हतात, पोरजोडे." तिनं झोक्याखाली वच्छलाशेजारी बोट केलं. "पाटवर हाऊ नुस्ता भुकेला पोऱ्या व्हता."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग एकदम कासावीस झाले. "म्हंजे मन्हा बाप उपाशी गया?"

वच्छला लगेच घरात गेली. पोळी, रस, कुरडई असं ताट वाढून आणलं, निंबाखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी अर्धवट फिरवलं. आबांनी छगन भाऊंना हाताला धरून घरात नेलं, आणि थोड्या वेळानं आतून सुपारी फोडल्याचा आवाज आला.

"आता तरी नाना म्हणणार नाहीस ना?" अभिमननं हळूच विचारलं.

"मग काय म्हणू?"

"नाव घ्यायला लावतील तेव्हा बघू."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. वारा नव्हता. मोगऱ्याचं पान हलत नव्हतं. नवा झोका मात्र सावकाश पुढे गेला आणि मागे आला. कुणीतरी जड माणूस नीट टेकून बसल्यासारखे त्याचे दोन्ही दोर ताणलेले होते. अभिमननं तिचा हात धरला.

"ओ पोरी," घरातून फुईनं हाक दिली, "रिकामा झोका हलाडू नको."

वच्छलानं हात तसाच त्याच्या हातात राहू दिला.

"रिकामा नही शे, फुई."