कठड्याकडून आलेली हाक

या, जरा जवळ सरकून बसा. आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

देवाला साक्षी ठेवून सांगतो, यातलं काहीही पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत हे घडलेलं आहे. भुतांना अंधार लागतो असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आधी हे ऐकावं. कारण हे भरदुपारी घडलं. शनिवारी. चौथ्या शर्यतीत. चार वाजून दहा मिनिटांनी. लख्ख ऊन होतं आणि हजारो माणसं मैदानाकडे डोळे लावून बसली होती.

त्यातल्या एकालाही काही दिसलं नाही.

माझा हा भाऊ जॉकी होता. अंगानं इतका हलका, की सगळे त्याला तोळा म्हणायचे. जॉकींच्या खोलीत खोगिरं सांभाळणारे एक काका होते. ते त्याला रोज छेडायचे, "तोळ्या, तू वजनकाट्यावर चढलास की काटा मला विचारतो, कुणी आलंय का?"

तोळ्याला घोड्यावर बसवलं ते त्याच्या दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या ताईच्या, नवऱ्यानं. दाजी स्वतः नावाजलेले जॉकी. लगाम किती आवळायचा, घोड्याचा दम कुठवर राखायचा, पडायची वेळ आलीच तर अंग कसं गोळा करायचं, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. तोळ्याचे वडील लहानपणीच गेले होते. त्यामुळे दाजी म्हणतील ती पूर्व दिशा.

आता इथं जरा चित्त द्या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

शर्यतीच्या मैदानाला आतल्या कडेनं पांढरा कठडा असतो. त्याला चिकटून धावलं की अंतर कमी पडतं. मागचा एखादा त्या चिंचोळ्या फटीतून पुढं येत असेल, तर तो ओरडतो, "आतून येतोय, जागा दे!" पुढच्यानं थोडं बाहेर सरकायचं. नियमाच्या पुस्तकात हे कुठंच नाही. पण नाही सरकलं, तर आतला माणूस घोड्यासकट कठड्यावर आपटतो. म्हणून सरकायचं. जॉकी-जॉकींमधला तो शब्द असतो.

मात्र सरकताना बाहेरच्या घोड्याला धक्का लागला, की चौकशी. निकाल देणारे तीन साहेब, एक कारकून, समोर पडदा आणि पडद्यावर शर्यतीची फिल्म. कोण कुठं सरकला ते त्या फिल्ममध्ये स्वच्छ दिसतं.

पण ऐकू काहीच येत नाही...

म्हणून हाक मारणाऱ्यानंच पुढं होऊन सांगायचं असतं, "साहेब, हाक मी मारली होती. तो माझ्यासाठी सरकला." मग दोष दोघांत वाटला जातो.

तर, सुरुवात अशी झाली.

शेवटचं वळण होतं. तोळा सगळ्यांत पुढं. मागून ओळखीचा आवाज आला, "तोळ्या! आतून येतोय! जागा दे!"

दाजींचा आवाज.

तोळ्यानं विचारसुद्धा केला नाही. सरकला.

बाहेरचा घोडा अडखळला आणि त्याच्यावरचा जॉकी फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं. जिवावरचं हाडावर निभावलं, ही देवाचीच कृपा.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मोठ्या साहेबांनी दाजींना विचारलं, "तुम्ही हाक मारली होती?"

तोळा टोपी हातात धरून अगदी निवांत उभा होता. आता दाजी सांगतील. मग आपण दोघं बाहेर जाऊ.

दाजी पडद्याकडे बघत म्हणाले, "नाही, साहेब."

"एकदाही नाही?"

"नाही. तो आपणहून सरकला."

तोळा मला म्हणाला होता, "दादा, मी सात वेळा घोड्यावरून पडलोय. पण त्या दिवशी उभ्या उभ्या पडलो."

निष्काळजी घोडेस्वारी. दोन महिने बंदी.

बाहेर आल्यावर दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोळ्यानं तो झटकून टाकला. "हात लावू नका मला."

त्या दोन महिन्यांत दाजी चार वेळा त्याच्या खोलीवर आले. तोळ्यानं दार उघडलं नाही. चौथ्या खेपेला दाजी बाहेरूनच म्हणाले, "तोळ्या, साहेबांकडे जातो मी. खरं काय ते सांगतो. तू एकदा तोंड तरी दाखव."

तोळा आतून म्हणाला, "आधी सांगून या. मग बघू तोंडं."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या सरावात दाजींचा घोडा कोसळला. दाजी त्याच्या खाली सापडले आणि जागच्या जागी गेले.

साहेबांकडे जायचं राहून गेलं.

बंदी संपली. तोळा परत आला. पहिलीच शर्यत. तेच शेवटचं वळण...

आणि कठड्याकडून आवाज आला.

"तोळ्या! आतून येतोय! जागा दे!"

त्याचं अंग आपोआप सरकलं. इतक्या वर्षांची सवय ती. शेजारच्या घोड्याला धक्का बसला. तोळ्यानं मान वळवून कठड्याकडे पाहिलं.

गवत. कठडा. मोकळी जागा.

टापा मात्र ऐकू येत होत्या... अगदी त्याच्या गुडघ्याशी. आणि धावत्या घोड्याचा श्वास... आत, बाहेर... आत, बाहेर...

चौकशीत साहेबांनी विचारलं, "कुणासाठी सरकलात?"

काय सांगणार बिचारा? "चुकलं, साहेब."

एक महिना बंदी. वर मोठ्या साहेबांनी बजावलं, "ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा या खोलीत दोषी ठरलात, तर लायसन जाईल."

तोळ्यानं हे खोगीरवाल्या काकांना सांगितलं. घोड्यावर बसण्यापलीकडे त्याला काहीच येत नव्हतं. लायसन गेलं की हातपाय तोडल्यासारखंच. काका बराच वेळ खोगिराला तेल लावत बसले. मग म्हणाले, "हाक आली तर येऊ दे. ऐकून घे. फक्त सरकू नकोस."

आणि मग तो शनिवार उजाडला.

चौथी शर्यत. तोळ्याकडे चार वर्षांची एक घोडी होती. नवीनच आलेली. दाजींना तिनं कधी पाहिलंही नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

वळण आलं.

"तोळ्या! आतून येतोय!"

तोळ्यानं दात आवळले. "नाही, दाजी. आज नाही."

"जागा दे!"

"तुम्ही दिली होती मला?"

क्षणभर नुसता वारा. मग तोच आवाज, पण खाली आलेला... विनवणीचा...

"दे ना रे, तोळ्या... एकदा..."

तोळ्याचे डोळे भरून आले. पण त्यानं लगाम सरळ धरून ठेवला. तसूभर हलला नाही.

तेवढ्यात घोडीचा एक कान कठड्याकडे वळला...

मग दुसरा...

शेजारी दुसरा घोडा घासून आला की घोडी जशी अंग चोरते, तसं तिनं अंग चोरलं. आणि स्वतःच बाहेर सरकली.

धक्का बसला.

चौकशीच्या खोलीत पडदे ओढले होते. फिल्म सुरू झाली. मोठे साहेब छडीनं दाखवत म्हणाले, "हे बघा. तुमच्या आत कुणीही नाही. जागा रिकामी आहे."

खरंच रिकामी होती.

पण दुसरे साहेब पुढं वाकले. "थांबा. जरा मागे घ्या."

फिल्म मागे गेली, पुन्हा पुढं आली. त्या रिकाम्या जागेत गवताची ढेकळं उडत होती. एकामागून एक... टापांच्या लयीत... घोड्याशिवाय.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावली.

आणि त्या मुक्या फिल्ममधून आवाज आला.

"तोळ्या! आतून येतोय! जागा दे!"

कारकुनाचं पेन थांबलं. मोठे साहेब मागे वळले. "याला आवाज कुठून आला?"

फिल्म लावणारा जागचा उठला होता. "साहेब... या मशीनला स्पीकरच नाही."

त्यानं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. खोलीत चामड्याचा आणि घोड्याच्या घामाचा वास पसरला. तोळ्याच्या शेजारी, जिथं दुसरा जॉकी उभा राहतो त्या जागेवरून, कुणीतरी घसा खाकरला...

"हाक मीच मारली होती, साहेब." आवाज हळू होता, पण एकेक शब्द स्पष्ट. "पहिल्या वेळीसुद्धा. तो माझ्यासाठी सरकला. त्याचा दोष नाही."

मग काहीच नाही. वाससुद्धा गेला.

तोळा ढसाढसा रडत होता. आणि रडता रडता त्याला हसूही येत होतं. आता त्याला सगळं उमगलं होतं. चौकशी असल्याशिवाय त्या खोलीत जॉकीला उभं करत नाहीत. दाजींना तिथं यायचं होतं. राहून गेलेलं सांगायचं होतं.

"घ्या, साहेब," तो म्हणाला. "आता तरी लिहून घ्या. साक्ष झाली."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग दुसऱ्या साहेबांकडे बघितलं. "तुम्ही काही ऐकलंत?"

दुसरे साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "नाही."

"तुम्ही?"

तिसऱ्या साहेबांच्या कपाळावर घाम होता. "छे. काही नाही."

फिल्मवाल्यानं न विचारताच मान हलवली. राहिला कारकून. रोज तोळ्याची पाठ थोपटणारा, 'आज जिंकून ये रे' म्हणणारा म्हातारा माणूस. तोळा त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"नाही, साहेब," कारकून म्हणाला. "ऐकलं नाही काही."

"मीही नाही," मोठे साहेब म्हणाले. "निष्काळजी घोडेस्वारी. तिसऱ्यांदा. लायसन रद्द."

त्यांची पहिली सही चुकली, ती खोडून पुन्हा करावी लागली.

तोळा तिथून तडक ताईकडे गेला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, दाजी आले होते. साहेबांसमोर बोलले."

कुणीही दचकलं असतं. वेड लागलंय का, असं विचारलं असतं. ताईनं हातातली घडी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "काय बोलले?"

"हाक मीच मारली होती, म्हणाले."

ताई हळूच खाली बसली. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चौकशीला जायच्या आधी ते घरी आले होते, तोळ्या. खरं सांगतो म्हणत होते. मीच म्हटलं, नाही म्हणा. त्यांच्या नावावर दोन चौकश्या होत्या. तिसरी लागली असती तर त्यांचं लायसन गेलं असतं. तुझी पहिलीच होती. मला वाटलं, धाकटा आहे... दोन महिने सोसेल."

तोळ्यानं तिनं खाली ठेवलेली घडी उचलून ढिगावर ठेवली. मग म्हणाला, "बरं. झालं ते झालं. आता चल माझ्याबरोबर. हे एवढंच साहेबांना सांग. तुझं तरी त्यांना ऐकू येईल."

ताईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तस्साच.

"गेलेल्या माणसाचं नाव आता कशाला खराब करायचं, बाळा?"

तोळ्यानं तिचा हात डोक्यावरून काढला आणि तिच्याच मांडीवर ठेवला.

"गेलेला माणूस स्वतः येऊन सांगून गेला, ताई. तू तर जिवंत आहेस."

त्यानंतर तो त्या घरात गेलेला नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तोळा दुसऱ्या गावच्या तबेल्यात दुसऱ्यांच्या घोड्यांना सकाळी चालवून आणतो. जमिनीवरून, लगाम धरून. हाक पुन्हा कधी आली नाही.

मी मात्र अजून स्वस्थ नाही. देवाचं नाव घेत झोपतो, तरी मध्येच जाग येते आणि मनात एकच येतं. दाजी आले नसते, तर तोळा आजही घोड्यावर असता. मग ते त्याला सोडवायला आले होते, की पुन्हा एकदा बुडवायला?

तोळ्याला मी हे एकदा विचारलं. तो घोड्याची पाठ चोळत होता.

"ते खरं बोलायला आले होते, दादा. पुढचं साहेबांनी केलं." थोडं थांबून म्हणाला, "पण मला भीती एकाच गोष्टीची वाटते. त्यांची साक्ष अजून कुणी लिहून घेतलेली नाही. ते तिथंच उभे असतील तर?"



म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागणं आहे. आज निजण्यापूर्वी देवासमोर बसाल, तेव्हा तोळ्यासाठी काही मागू नका. त्याला ते नको आहे. दाजींची आठवण करा. मनातल्या मनात त्यांना एवढंच सांगा, 'आम्ही ऐकलं, दाजी. आता जा.'